मदत हवी आहे : पतसंस्थेतील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण

नमस्कार. मी एका लहान पतसंस्थेत कर्मचारी विभागाचे काम पाहतो आणि नव्याने रुजू होणाऱ्या लिपिकांसाठी प्रशिक्षणाचा आराखडा तयार करत आहे.

रोकड मोजणी, व्हाउचर, संगणकप्रणाली आणि केवायसी हे सारे जुन्या सहकाऱ्यांच्या शेजारी बसून लवकर शिकता येते. खरी अडचण कर्जाच्या टेबलावर आहे. जामीनदाराकडून फॉर्मवर सही घेतली जाते, परंतु कर्जदाराने हप्ते थकवले तर ती रक्कम आपल्याकडून वसूल होऊ शकते, हे त्याला शांतपणे समजावून सांगणारा कर्मचारी क्वचितच दिसतो. आणि माझ्या मते पुढे वसुलीच्या वेळी होणाऱ्या कटुतेचे मूळ बहुतेकदा तिथेच असते.

समोरचा सभासद हा ग्राहक तसाच संस्थेचा मालकही असल्यामुळे, त्याला नकार देताना लागणारी भाषा बँकांच्या तयार प्रशिक्षण-पुस्तिकांत सापडत नाही. आंतरराष्ट्रीय सहकार संघाने १९९५ साली स्वीकारलेल्या सात तत्त्वांपैकी पाचवे तत्त्व शिक्षण, प्रशिक्षण आणि माहिती यांविषयीच आहे, आणि त्यात सभासद व संचालकांबरोबर कर्मचाऱ्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे.

कर्जछाननी आणि वसुलीतील संभाषण यांचा सराव आपण नव्या कर्मचाऱ्यांकडून कसा करून घेता? काउंटर बंद न ठेवता, मोजक्या मनुष्यबळात त्यासाठी वेळ कसा काढता? शिकलेले प्रत्यक्ष कामात उतरले की नाही, हे कशावरून तपासता? कृपया अनुभव सविस्तर लिहावेत.