लॅटिना मुली, टीनेज प्रेग्नन्सी आणि आजूबाजूची माणसं: मदत कोणाची घ्यावी?

केतकी_टेक्सास:
मी ह्यूस्टनला एका कम्युनिटी सेंटरवर शनिवारी व्हॉलंटियर म्हणून जाते. मुली १४-१५ वर्षांच्या, बहुतेक मेक्सिकन नि साल्वाडोरन घरांतल्या. आम्ही लहान वयातलं गरोदरपण टाळण्याची पत्रकं वाटतो, त्या घडी घालून वहीत कोंबतात, विषय संपला. परवा एकजण तिच्या किन्सेआन्येराच्या (पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्याच्या) गाऊनबद्दल तासभर बोलत होती, बॉयफ्रेंडपर्यंत गाडी आली आणि तेवढ्यात आई दारात, की लगेच चिडीचूप. आयांना मधे घ्यावं का मुलींशी वेगळंच बोलावं?

सुमेधा:
अगं पत्रकं वाचतंय कोण! आमच्या कॅलिफोर्नियात प्रोमोतोरा असतात, म्हणजे त्याच वस्तीतल्या, ट्रेनिंग घेतलेल्या बायका, त्या घरी जाऊन कॉफी पीत पीत स्पॅनिशमधून विषय काढतात. आयांना बोलायचं असतं गं, पण त्यांच्या आईने त्यांना कधी काही सांगितलेलं नसतं, मग शब्दच सापडत नाहीत. आधी नुसत्या आयांना बसव.

निवांत_माणूस:
पण मुळात कॅथलिक घरं, लग्नाआधी काही बोलायचंच नाही. संस्कृतीच तशी, त्याला कोण काय करणार?

डॉ_अ:
संस्कृतीवर ढकलणं सोपं असतं हो. १९९१ मध्ये अमेरिकेत १५ ते १९ वयाच्या दर हजार हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाच्या) मुलींमागे शंभरावर बाळंतपणं होती, २०२१ मध्ये साधारण २१. तेवढ्यात चर्च बदललं का? कोलोरॅडोने २००९ पासून क्लिनिकांतून आययूडी (गर्भाशयात बसवायचं गर्भनिरोधक) नि इम्प्लांट (दंडात बसवायचं) फुकट किंवा स्वस्तात द्यायला घेतले, पाचेक वर्षांत तिथला टीनेजर मुलींचा बर्थ रेट जवळपास निम्म्यावर आला. आणि केतकी, सुमेधाच्या राज्यात अल्पवयीन मुलगी स्वतःच्या संमतीने गर्भनिरोधक गोळ्या घेऊ शकते, तुझ्याकडे साधारणपणे पालकांची परवानगी लागते. फेडरल पैशावरच्या टायटल टेन (कुटुंबनियोजन योजनेच्या) क्लिनिकांत आधी लागत नव्हती, २०२४ च्या कोर्ट निकालानंतर टेक्सासात तिथेही लागते. त्यामुळे मुलगी तुझ्याशी कितीही मोकळी बोलली तरी गाडी आईच्या सहीपाशीच अडणार.

केतकी_टेक्सास:
सहीचं डोक्यातच नव्हतं आलं! त्या गाऊनवालीची मावशी सेंटरवर शिवण शिकवते, सगळ्या आया तिचं ऐकतात, तिलाच गाठते या शनिवारी. आणि मुलग्यांचं काय करायचं? ते नुसते सॉकर खेळून जातात.

सुमेधा:
कोचला धर ना. आपण सांगितलं तर खिदळतील नुसते.