मदत हवी आहे: हार्डकोर (वेगवान, जोरकस पंक संगीत) शोसाठी कानाचे प्लग कोणते घ्यावेत?

अ‍ॅग्नॉस्टिक फ्रंटचा शो पहिल्यांदाच बघायला मिळणार आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला हा बँड, व्हिनी स्टिग्मा अजूनही गिटारवर. ही संधी मला अर्धवट ऐकून घालवायची नाही.

अडचण कानांची. मागच्या एका पंक शोनंतर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. डॉक्टरांनी तपासलं, ऐकू व्यवस्थित येतंय, पण पुढे प्लगशिवाय जाऊ नका म्हणाले. १०० डेसिबलला साधारण १५ मिनिटंच सुरक्षित धरतात, आणि छोट्या हॉलमध्ये आवाज सहज तेवढा होतो.

फोमचे प्लग वापरून पाहिले. वरचे सूर जास्त कापले जातात, त्यामुळे गिटार आणि शब्द एकमेकांत मिसळून नुसता गोळा ऐकू येतो. शिवाय गर्दीत एक पडलाच. मागे उभं राहूनही पाहिलं, पण मग सगळ्यांबरोबर ओरडून गाण्यातली मजाच जाते. पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोर लोक एकमेकांना धडकत नाचतात तिथे, मी उतरणार नाही, चष्मा आहे. पिटच्या कडेला मात्र उभं राहायचंय.

म्हणून फिल्टरवाले, म्हणजे सगळे सूर साधारण सारखेच कमी करणारे प्लग घ्यायचं ठरवलंय. स्पीकरच्या जवळ १५ डेसिबल आवाज कमी करणारे पुरतात, की २० किंवा त्याहून जास्तच हवेत? आणि धक्काबुक्कीत, घामाने ते निसटत नाहीत ना?