संतांच्या मध्यस्थीचे मूळ यहूदी परंपरेत आहे का?

प्रश्न (अचलपूर तालुका)
आमचे घर प्रोटेस्टंट आहे आणि धाकटी सून कॅथलिक घरातली आहे. मागच्या पावसाळ्यात माझा ताप उतरेना, तेव्हा तिने उशाशी मेणबत्ती लावून संत अंतोनींना "सासूबाईंसाठी देवाजवळ शब्द टाका" अशी विनंती केली. पाटावर सांडून थिजलेले ते मेण मी अजून खरवडलेले नाही. ही चाल रोमी मूर्तिपूजकांकडून आली, असे आमचे पाळक सांगतात. परंतु येशू आणि त्याचे प्रेषित यहूदी होते. त्यांच्या लोकांत मृत सत्पुरुषांनी जिवंतांसाठी देवाला विनवावे, अशी काही समजूत होती का?

उत्तर (धारणी, धर्मशिक्षक)
होय, ताई, होती. मक्काबी दुसरे पुस्तक, अध्याय १५ पाहावा. प्रोटेस्टंट आवृत्त्यांत हे पुस्तक नसते, तरी ते ख्रिस्तापूर्वी यहूदी लेखकानेच लिहिलेले आहे. शत्रूचा सेनापती निकानोर याच्याशी लढाई तोंडावर आली असता यहूदी बंडाचा पुढारी यहूदा मक्काबी आपल्या सैनिकांना एक स्वप्न सांगतो. त्यात दिवंगत प्रमुख याजक ओनियास हात पसरून सर्व यहूदी लोकांसाठी प्रार्थना करत असतो. मग एक तेजस्वी, पांढऱ्या केसांचा पुरुष दिसतो, आणि लोकांसाठी व पवित्र नगरासाठी पुष्कळ प्रार्थना करणारा यिर्मया तो हाच, असे ओनियास सांगतो. यिर्मयाला जाऊन तेव्हा सुमारे चारशे वर्षे झाली होती. म्हणजे तो संदेष्टा आपल्या लोकांना विसरलेला नाही, ही श्रद्धा येशूच्या आधीपासूनची आहे.

याला जोडून यहूदी धर्मगुरू 'पूर्वजांची पुण्याई' मानत. निर्गम ३२ मध्ये वासराच्या मूर्तीचे पाप घडल्यावर मोशे देवाला अब्राहाम, इसहाक आणि इस्राएल यांची आठवण करून देतो, ती याच भावनेने. आपल्याकडे "वाडवडिलांच्या पुण्याईने तरलो" म्हणतात, त्याच्या हे जवळ जाते.

उत्तर (दर्यापूर तालुका)
येथे मला थांबवावेसे वाटते. मोशे अब्राहामाला हाक मारत नाही, तो थेट देवाशी बोलतो. यिर्मयाही स्वप्नात आपणहून प्रार्थना करतो. त्याच्याकडे कोणी काही मागितलेले नाही. शिवाय यशया ६३:१६ मध्ये "अब्राहाम आम्हांला ओळखत नाही" असे स्पष्ट म्हटले आहे.

उत्तर (धारणी, धर्मशिक्षक)
आपण दाखवलेला फरक खरा आहे आणि मी तो मान्य करतो. मात्र मागण्याचेही दाखले आहेत. तालमूद या यहूदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात (सोटा ३४ब) मोशेने कनान देशात पाठवलेल्या हेरांपैकी कालेब हेब्रोनला पूर्वजांच्या कबरींवर पालथा पडून, इतर हेरांच्या कटातून वाचण्यासाठी "माझ्यासाठी दया मागा" असे विनवतो. हा ग्रंथ ख्रिस्तानंतर संकलित झाला, म्हणून त्याला थेट मूळ म्हणणे बरोबर नाही. तरी रोमी मूर्तिपूजकांशी त्याचा काही संबंध नाही. उपवासाच्या दिवशी कब्रस्तानात का जावे, यावर त्याच तालमूदात (ताअनीत १६अ) दोन मते आहेत: एक म्हणते, आम्ही तुझ्यापुढे मृतवत आहोत हे देवाला दाखवण्यासाठी, दुसरे म्हणते, मृतांनी आमच्यासाठी दया मागावी म्हणून. आपला वाद त्यांच्यातही होता.

कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल यहूदी आजही नवस फेडताना पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा मांडून एलिया संदेष्ट्याचे स्मरण करतात. प्रार्थना मात्र देवाचीच असते.

प्रश्नकर्ती
सुनेच्या बायबलमध्ये मक्काबी आहे. आज जेवणे आटोपल्यावर पंधरावा अध्याय तिच्याकडूनच वाचून घेते, आणि रविवारी पाळकांनाही दाखवते.