मदत हवी आहे: कणकुंबीच्या पावसात मुलांचे बाहेरचे तास कसे घ्यावेत?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात, पाचवी ते सातवीच्या मुलांचे निसर्गाचे तास घेतो. शनिवारची शाळा सकाळची, ती सुटली की आम्ही बाहेर. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, त्यामुळे शेताचे बांध, ओहोळ आणि देवराई एवढाच आमचा मुलूख. तोही पुरून उरतो.

दिवाळीनंतर काही अडत नाही. अडतं जून ते सप्टेंबर. हेडमास्तरांचं म्हणणं, चार महिने प्रोजेक्टरवर चित्रं दाखवा. मला ते पटत नाही, कारण इथलं बघण्यासारखं बरंचसं पावसातच असतं. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते, म्हणजे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. याच तालुक्यात देगावच्या रानातून निघणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्रात. नकाशावर दाखवलं की पोरं नुसत्या माना डोलावतात. पण भर पावसात बांधावर उभे होतो तेव्हा एकाने ओहोळाकडे बोट करून विचारलं, "सर, ह्ये पाणी गोव्याला जाऊलालंय काय?" पुढचा सगळा तास पोरं काठ्यांनी चर पाडून पाणी या अंगाचं त्या अंगाला वळवत बसली.

तर अडचणी अशा. वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या तरी लगदा होतात, ओल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही आणि पाटीवरचं पावसाने पुसतं. दुसरं, कोल्ड्रिंकची बाटली कापून पर्जन्यमापक केलाय. तळ सपाट नसतो म्हणून खडे आणि पाणी घालून शून्याची खूण केली. हवामान खात्यासारखं सकाळी साडेआठला मोजतो. पण जुलैत पाऊस लागून राहिला की बाटली रातोरात ओसंडते. सांडलेलं कसं मोजायचं, हा पोरांचा प्रश्न रास्त आहे.

आणि जळवा! पोरांना त्याचं काही नाही, चुना लावतात नि मोकळी होतात. पण पायावर रक्ताचा ओघळ घेऊन पोरगं घरी गेलं की सोमवारी आई शाळेत हजर.

कुणी असे तास घेतले असतील तर सांगा.

प्रतिसाद (चंदगडहून)

पेन विसरा. ड्रॉइंगवाल्यांकडे मॅट पॉलिस्टर शीट मिळते, तिच्यावर मऊ शिसपेन्सिल पाण्यातही उमटते आणि खोडरबराने पुसली जाते. पोस्टकार्डाएवढे तुकडे करून प्लायवूडच्या फळीला चिमट्याने लावा. जळवेला चुना-मीठ लावू नका, नखाने तोंडाकडून सरकवून काढा. ती रक्त गोठू न देणारा द्रव सोडते, म्हणून ओघळ बराच वेळ थांबत नाही. घरी सोडायच्या आधी जागा साबणाने धुऊन कापूस दाबून धरा आणि पट्टी लावा. निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

प्रतिसाद (बेळगावहून)

बाटली सोडा, ५ लिटरचा कॅन घ्या आणि वर नरसाळं बसवा. नरसाळ्याचं तोंड १६ सेंमी असेल तर क्षेत्रफळ साधारण २०० चौ. सेंमी भरतं. मग साठलेलं १ लिटर पाणी म्हणजे ५० मिमी पाऊस. कॅन २५० मिमीपर्यंत पुरेल. हवामान खातं २४ तासांत २०४.४ मिमीच्या वर गेला की अत्यंत मुसळधार म्हणतं, तेव्हा तुमच्याकडच्या बहुतेक रात्री त्यात मावतील. सातवीला वर्तुळाचं क्षेत्रफळ याच निमित्ताने शिकवून टाका. कॅन दगडांत नीट रोवा, नाहीतर वाऱ्याने लवंडेल.

प्रतिसाद (लोंढ्याहून)

ओहोळाशी खेळता ते ठीक, पण ओढ्याला जपा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पडलेला पाऊस खाली येतोच. पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, की काय चाललंय ते सोडून पोरं काठाच्या वर.

धागाकर्ता

आभार सगळ्यांचे. ओढा ओलांडायचाच नाही असा आमचा नियम आहे, गढूळ पाण्याची खूणही पोरांना आता दाखवतो. कॅन घरात आहे, नरसाळं खडेबाजारात बघतो. ती शीट बेळगावात कुठे मिळेल? आणि हेडमास्तरांचं काय करायचं, त्यावर कुणीच बोललेलं नाही.