मदत हवी आहे: १९८५ची तामिया हॉटशॉट पुन्हा पळवायची आहे (पुढच्या गिअरबॉक्सची कटकट आणि बाकीची दुखणी)

मंडळी, तामिया या जपानी कंपनीची हॉटशॉट, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी गाडी, हाती आली आहे. १९८५ची मूळची, कंपनीने २००७ साली पुन्हा बाजारात आणली ती नव्हे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तामियाची ही पहिली फोर-व्हील-ड्राइव्ह ऑफ-रोड बग्गी, १/१० मापाची. त्याच सुमाराच्या क्योशो कंपनीच्या ऑप्टिमामध्ये पुढची चाकं चेनवर फिरत, तामियाने मात्र मागच्या मोटरपासून पुढच्या गिअरबॉक्सपर्यंत सरळ शाफ्ट टाकला. पुढे एक आणि मागे एक असे दोनच डँपर (धक्के शोषणारे, तेल भरलेले). दिसायला देखणी, उघडायला महाकटकटीची. एका गिअरपर्यंत पोचायचं तर अर्धी गाडी टेबलावर पसरावी लागते.

मला ही काचेच्या कपाटात ठेवायची नाही, मातीत पळवायची आहे. पण म्हणून सगळे भाग नवे टाकून गाडी नुसती नावाला जुनी ठेवायची, हेही पटत नाही. नव्या आवृत्तीचे बरेचसे भाग जुनीला बसतात हे माहीत आहे. माझा हिशेब असा की जे फिरतं आणि झिजतं ते बिनधास्त नवं टाकावं, जे दिसतं ते शक्यतो मूळचंच राहावं. यावर कोणाचं दुमत असेल तर तेही ऐकायला आवडेल.

आधी जे झालं ते सांगतो. आधीच्या मालकाने निकेल-कॅडमियमचा पॅक आतच सोडला होता आणि तो फुटून गळला होता. बॅटरीच्या खणात पांढरट-हिरवी खपली. ते अल्कली असल्यामुळे हातमोजे घालून व्हिनेगरने पुसलं, मग पाण्याने, मग कोरडं केलं. खण स्वच्छ झाला, पण वायरींचं काम तमाम झालंय. वरून लाल वायर नव्यासारखी चकचकीत, आणि इन्शुलेशन सोललं की आतलं तांबं काळंठिक्कर. कितीही सोला, काळेपणा पुढे पुढे जातच राहतो आणि त्याला सोल्डर अजिबात धरत नाही. त्यामुळे बॅटरीकडच्या सगळ्या वायरी बदलल्या. पॅक ई-कचऱ्यात दिला. कॅडमियम विषारी, घरच्या कचऱ्यात टाकू नये.

स्क्रूंसाठी जपानी पद्धतीच्या फुलीचा स्क्रूड्रायव्हर घेतला. साधा फिलिप्स या स्क्रूंमध्ये पूर्ण बसत नाही, वर चढतो आणि डोकं खातो. आधीच्या कोणीतरी नेमकं तेच केलेलं दिसतंय. गिअरबॉक्सचे दोन स्क्रू असे गुळगुळीत झाले होते की सोल्डरिंग आयर्नचं टोक थोडा वेळ डोक्यावर टेकवून भोवतालचं प्लॅस्टिक जरा मऊ केलं, तेव्हा कुठे सुटले.

आता अडचणी. मुख्य म्हणजे पुढचा गिअरबॉक्स. गाडी ठोकळ्यावर ठेवून चाकं हवेत फिरवली तर आवाज नाही, सगळं मऊसूत. जमिनीवर ठेवून थ्रॉटल दाबला की पुढून कट-कट-कट, आणि हळू सोडला की गप्प. दुसरं, जुना यांत्रिक स्पीड कंट्रोलर. त्याला पुढे जायच्या तीन पायऱ्या असायला हव्यात, पण गाडी पहिल्या दोन पायऱ्यांवर जागची हलत नाही आणि तिसऱ्यावर एकदम उधळते. तिसरं, बॉडी. पॉलिकार्बोनेटची असल्यामुळे मूळचा रंग आतून आहे आणि तो चांगला टिकलाय, पण कोणीतरी बाहेरून ब्रशने निळा रंग फासलाय. तो आतल्या रंगाला धक्का न लावता काढायचाय. टायर दगडासारखे कडक झालेत, ते बदलणारच, त्यात विचारण्यासारखं काही नाही.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

कटकटीची दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही कानाला सारखीच वाटतात, म्हणून आधी वेगळी करा. स्टिअरिंग पूर्ण वळवून थ्रॉटल दिल्यावरच आवाज येतो का? तसं असेल तर चाकाकडे जाणाऱ्या डॉगबोनची (दोन्ही टोकांना पिन असलेल्या छोट्या दांड्याची) पिन तिच्या कपातून निसटतेय. कपाच्या खाचा बघा. सरळ भिंतींच्या ऐवजी बशीसारख्या पसरल्या असतील तर कप आणि डॉगबोन जोडीने बदला. एकच बदललात तर झिजलेला नव्यालाही लवकर खातो.

सरळ जातानाही आवाज येत असेल तर गिअर दात चुकवतायत. तपासायची सोपी रीत: कोणाला तरी मागची दोन्ही चाकं घट्ट धरायला सांगा आणि तुम्ही पुढची दोन्ही एकाच वेळी पुढच्या दिशेने फिरवा. या गाडीत मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नाही, शाफ्ट पुढचं-मागचं थेट जोडतो, त्यामुळे चाकं हलायलाच नकोत. कट् करून पुढे सरकली तर दात चुकतायत. (एकच चाक फिरवलंत तर दुसरं उलटं फिरेल. ते डिफरन्शियलचं काम आहे, घाबरू नका.)

आणि दात चुकतायत म्हणून लगेच गिअर मागवू नका. बऱ्याचदा गिअर ठणठणीत असतात, झिजलेला असतो तो बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी. भोक जरासं लांबट झालं की जोर आल्यावर शाफ्ट तिरका होतो आणि बेव्हल गिअर एकमेकांपासून दूर जातात. हवेत जोर नसतो, म्हणून तुम्हाला ठोकळ्यावर काहीच ऐकू येत नाही.

प्रतिसाद २

स्पीड कंट्रोलरबद्दल. पहिल्या दोन पायऱ्यांचा करंट रेझिस्टरमधून जातो, तिसरी पायरी त्याला वगळून थेट बॅटरी मोटरला जोडते. म्हणजे तिसरी चालते आणि बाकीच्या मेल्या, याचा सरळ अर्थ रेझिस्टर तुटलाय किंवा त्याची वायर. मल्टिमीटर लावा. चांगला असेल तर एक ओहमपेक्षाही कमी दाखवेल, तुटला असेल तर काहीच नाही. तुमच्याकडे वायरी आतून काळ्या पडल्यात म्हणता, तेव्हा मी आधी वायर धरेन. तांब्याच्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा आणि सर्व्होने (रिमोटच्या हुकमावर हलणाऱ्या छोट्या मोटरने) फिरणारा हात त्यांच्यावर दाबून बसतोय ना, तेही बघा.

पण मुळात प्रश्न असा की तो वापरायचाय कशाला? अर्धी ऊर्जा उष्णतेत घालवणारं यंत्र ते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: यांत्रिक कंट्रोलरवर लिथियम-पॉलिमर बॅटरी चुकूनही लावू नका. त्याला व्होल्टेज कळत नाही, सेल ३ व्होल्टच्या खाली गेला तरी तो मोटरला पाजतच राहील. पॅक फुगतो, पुढे पेटूही शकतो. तो ठेवायचाच असेल तर ७.२ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड वापरा. लिथियम हवा असेल तर कट-ऑफ असलेला, म्हणजे व्होल्टेज फार उतरायच्या आत मोटर थांबवणारा, इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर घ्या.

मोटर ५४०च (या गाड्यांची नेहमीची) आहे ना? तिच्याहून जास्त जोरदार टाकू नका. हा सांगाडा त्यासाठी नाही. शर्यतीत या जातीच्या गाड्यांना बेल्टवाल्यांनी लवकरच मागे टाकलं. १९८७ साली मसामी हिरोसाका या गाड्यांच्या शर्यतीत जगज्जेता झाला तो बेल्टवाली शूमाखर कॅट घेऊन. हॉटशॉटकडून तशी अपेक्षा ठेवली की गिअरबॉक्सची वाट लागते.

प्रतिसाद ३

बॉडीला ॲसिटोन किंवा थिनर लावू नका. पॉलिकार्बोनेट पांढुरकं पडून तडकतं, मग कोणी काही करू शकत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कापडाचा बोळा भिजवून बाहेरच्या रंगावर थोडा वेळ ठेवा आणि लाकडी काडीने खरवडा. ब्रशचा जाड थर बहुधा पापुद्र्यासारखा सुटतो. अट एकच, कडेवरून अल्कोहोल आत ओघळू द्यायचं नाही, नाहीतर मूळचा रंगही निघायला लागेल. आधी चाकाच्या कमानीमागे, जिथे नजर जात नाही तिथे करून बघा. ब्रेक फ्लुइडही पुष्कळ जण वापरतात, पण ते पसरतं फार, तुमच्या कामाला नको.

जाता जाता: हात वगैरे नायलॉनचे भाग इतक्या वर्षांत कोरडे पडून ठिसूळ होतात. जोडायच्या आधी गरम पाण्यात उकळून घ्या आणि पाण्यातच थंड होऊ द्या. नायलॉन पाणी शोषतं आणि थोडी लवचिकता परत येते. एबीएस या दुसऱ्या प्लॅस्टिकला याचा काही उपयोग नाही, उलट वाकडं होईल. स्पर्शाला मेणचट लागतं आणि जरा वाकतं ते नायलॉन. आणि थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) फक्त धातूत जाणाऱ्या स्क्रूला, प्लॅस्टिकला लागलं तर तिथूनच तडा जातो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. मागची चाकं धरायला पुतण्याला बसवलं. पुढची फिरवली आणि कट्! गिअरबॉक्स उघडला, गिअरचे दात खरोखरच ठीक निघाले, टोकं किंचित गोल एवढंच. शाफ्टचा पुढचा बुश मात्र लांबट झालाय, बोटाने शाफ्ट हलवला तर डोळ्यांना दिसतो इतका. डॉगबोनचे कप ठीक आहेत. आता सगळे बुश काढून बॉल बेअरिंग टाकतोय. बहुतेक जागी तामियात नेहमी येणारं तेच माप आहे: आत ५ मिमी, बाहेर ११ मिमी, जाडी ४ मिमी.

रेझिस्टरही शाबूत आहे, वायरच आतून मेली होती. ती बदलली आणि तिन्ही पायऱ्या जिवंत झाल्या. प्रतिसाद २शी तत्त्वतः सहमत, तरी तो काढणार नाही. पट्ट्यांवरून हात सरकतानाचा तो खर्रर्र आवाज मला हवाय. बॅटरी अर्थात निकेल-मेटल हायड्राइडच.

बॉडीचा एक कोपरा झाला, निळ्याखालचं काम बघून जीव सुखावला. एक नवा प्रश्न: मागचा डँपर दांड्याकडून तेल गाळतोय. दांडा सरळ आहे. नुसत्या ओ-रिंग (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलून भागेल का?

प्रतिसाद १

भागेल, पण आधी दांडा नखाने तपासा. ज्या पट्ट्यात तो आत-बाहेर होतो तिथे नख अडकलं तर नवी ओ-रिंगही टिकणार नाही, दांडाही बदला. ओ-रिंगला बसवताना सिलिकॉनचं तेल चोळा, पेट्रोलियमचं ग्रीस नको, त्याने काही रबरं फुगतात. तेल भरल्यावर दांडा सावकाश खाली-वर करून बुडबुडे निघेपर्यंत डँपर उभा ठेवा आणि मगच झाकण लावा. मागे एकच डँपर आहे, तेव्हा तेल फार पातळ नको, नाहीतर प्रत्येक उडीनंतर गाडी बेडकासारखी उड्या मारत बसेल.