पहिल्या गाडीवरून मोठ्या गाडीवर : कधी गेलात, कसं झालं? अनुभव सांगा

घाटवळण, सातारा
काल राजवाड्यावर भाचा भेटला. स्प्लेंडर घेऊन त्याला आठ महिने झालेत. मोबाईलवर हिमालयन ४५० या मोठ्या बाईकचा फोटो दाखवून म्हणाला, "मामा, आईला तू समजाव." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. घरी आलो आणि पाठीतली जुनी चमक आठवली.

२०११ सालची गोष्ट. माझीही स्प्लेंडर, माझेही आठ-नऊ महिने झालेले. ओळखीतल्या एकाने जुनी बुलेट विकायला काढली आणि मी होती नव्हती ती शिल्लक घालून घेतली. तिसऱ्या रविवारी कासला निघालो. यवतेश्वरच्या घाटात चढाच्या वळणावर वरून वडाप (प्रवासी जीप) आली. मी बिचकून वळणातच थांबलो आणि पाय टाकला तो उताराच्या बाजूला. तिथे जमीन वीतभर खाली. स्प्लेंडर असती तर मांडीवर तोलली असती. ही मात्र सावकाश, अगदी सावकाश हातातून गेली. वेग शून्य होता, तरी मी पडलो.

टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत होतं. हँडल धरून दोनदा ओढली, गाडी हलली नाही आणि पाठीत चमक भरली. तेवढ्यात एक दूधवाले काका थांबले. आधी चावी बंद केली, गाडी पहिल्या गिअरला टाकली म्हणजे घसरणार नाही. मग म्हणाले, "लेका, तोंड करून उचलतात व्हय? पाठ लाव तिला. बूड सीटला टेकव आणि पायानं रेट." एका दमात उभी राहिली. त्यांनी कॅनातलं पाणी पाजलं आणि गेले. नाव विचारायचं राहिलं, ते आजही टोचतं.

भाच्याला काय सांगू? तुम्ही कधी बदललीत, लवकर की उशिरा, ते सांगा.

कऱ्हाडकर ५०
मी वर्षाच्या आत १०० सीसीवरून २२० वर गेलो. घाटात काही झालं नाही, झालं ते सपाटीला. नोव्हेंबर, कारखाने चालू, रात्रीचे नऊ. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही. जुन्या गाडीवर त्या वेळेला मी ५० ला असायचो, या गाडीवर ८० कधी झाला कळलंच नाही. ट्रॉलीतून बाहेर आलेला ऊस हेल्मेटच्या काचेला घासून गेला. गाडी मोठी झाली पण आपला अंदाज जुन्याच गाडीचा राहतो, एवढंच म्हणणं आहे माझं. भाचा रात्री फिरतो का ते आधी विचारा.

द्राक्षबाग
तासगावहून रोज सांगलीला शाळेत जाते. आधी स्कूटर होती, मग १२५ गिअरची घेतली, आता वर्ष झालं हंटर ३५० आहे. शोरूममधला मुलगा सगळं ह्यांनाच सांगत होता, चालवणार मी! दुसरीकडे जाऊन घेतली.
उंची पाच फूट दोन इंच. सीट ७९० मिलिमीटर म्हणजे स्प्लेंडरच्या जवळपासच, त्यामुळे पाय पुरतात. पण वजन १८१ किलो. पहिला महिनाभर पार्किंगमधून मागे घेताना घाम फुटायचा. तिरक्या जागेत नाक खाली करून लावली की मागे काढणं मुश्किल, हे कुणी सांगत नाही. आता आधी गाडी वळवून मग लावते.
१२५ वर दोन वर्षं काढली त्याचा फार उपयोग झाला. थेट उडी मारली असती तर सोडून दिली असती.

डबलसीट
घाटवळण, वडापवाल्यांचं नाव काढलंत म्हणून सांगते, कासच्या रस्त्याला फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी जाऊच नका कुणी. मागच्या खेपेला तीन तास अडकलो. येताना पेढे घ्यायचे होते तेपण राहिले.

पाना नं १२
मिरजेत गॅरेज आहे, २३ वर्षं झाली. नवीन पोरगं कसं चालवतं ते मला गाडी उघडल्यावर कळतं. मागच्या ब्रेकचे लायनर खलास आणि पुढचे नवेकोरे, म्हणजे पोरगं पुढचा ब्रेक धरतच नाही. भीती घालून ठेवलेली असते की पुढचा दाबला की पालथा होशील. अहो, थांबवण्याचं मोठं काम पुढचंच चाक करतं, कारण ब्रेक लागला की सगळं वजन पुढं येतं. झटका द्यायचा नाही, दाबत न्यायचा. दोन्ही ब्रेक बरोबर धरायला शिकला नसेल तर हिमालयनसारखी ४० पीएसची (हॉर्सपॉवरची) गाडी त्याला देऊ नका. स्प्लेंडर आठ पीएसची आहे, पाचपट ताकद होते ही.
दुसरं, क्लच प्लेट. घाटात हाफ क्लचवर (क्लच अर्धा दाबून) लोंबकळत राहायची सवय असली की मोठ्या गाडीचा खर्च ऐकून पोरगं रडतं. आणि उतरताना न्यूट्रल करणारे, इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारे! कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक तापून पकडेनासे झाले की मग आठवतो गिअर. ज्या गिअरला चढता त्याच्याच आसपास उतरा.
भाच्याला गाडीसकट पाठवा, लायनर बघून सांगतो.

रातराणी
आमचा भाऊ २०१४ ला गेला. घाटात नाही, हायवेला नाही. घरापासून दोन किलोमीटरवर, दूध आणायला निघालेला. नवी गाडी घेऊन ११ दिवस झाले होते. हेल्मेट होतं, हँडलला अडकवलेलं. ते अजून कपाटात आहे, एक ओरखडा नाही त्याच्यावर.
गाडी कोणतीही घ्या. एवढंच लिहायचं होतं.

द्राक्षबाग
ताई 🙏 काय लिहू कळत नाही.

कऱ्हाडकर ५०
वाचून थांबलो. आजपासून कोपऱ्यावर जायचं असलं तरी पट्टा लावूनच.

घाटवळण, सातारा
रातराणी, तुमचं लिहिणं भाच्याला वाचून दाखवू का? तुमची हरकत नसेल तरच.

रातराणी
दाखवा. त्याच्यासाठीच लिहिलं.

हिशेबनीस
पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यापुढच्यांना ४०. भाच्याची ४५२ सीसीची गाडी ४० टक्क्यांत बसते, हंटरसारखी ३४९ ची १८ मध्ये. थर्ड पार्टी विम्याचा टप्पाही ३५० लाच बदलतो आणि नव्या गाडीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. शिवाय स्प्लेंडरला ६० च्या पुढं अॅव्हरेज बघायची सवय, इथं त्याच्या निम्म्यावर मन तयार ठेवावं. हप्ता बसतो म्हणून गाडी बसते असं नसतं. टायर, चेन, सर्व्हिसिंग धरून महिन्याला किती जातात ते आधी कागदावर मांडा.

वाईकर
मधली पायरी का नको? १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस (ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. १५०-१६० ची घेतली तरी एबीएस मिळतं, वजन स्प्लेंडरपेक्षा थोडंच जास्त. मी तसंच केलं. पसरणी घाटात ओल्या रस्त्यावर म्हैस आडवी आली, लिव्हर करकचून दाबला, हाताला टकटक जाणवलं, पण चाक जाम झालं नाही आणि गाडी सरळ थांबली. म्हैस निवांत निघून गेली. मी बाजूला घेऊन दहा मिनिटं बसून राहिलो.
दोन वर्षांनी ३५० घेतली. घाई केली नाही त्याचं समाधान आहे.

निवांत
मी उलटं सांगतो. मी १४ वर्षं थांबलो. आधी बहिणीचं लग्न, मग घर, मग पोरांच्या फिया. गेल्या वर्षी ४३ व्या वर्षी घेतली. सज्जनगडच्या रस्त्याला पहाटे एकटा गेलो, उरमोडीच्या पाण्यावर धुकं होतं, गाडी थांबवली आणि डोळे भरून आले. पोराला कायमचं नाही म्हणू नका. कधी ते ठरवून द्या.

डबलसीट
निवांत, फोटो टाका की पाण्याचा.

पाना नं १२
खंबाटकीचं विसरू नका कुणी. पुण्याकडे जाताना बोगदा संपल्यावर जे वळण लागतं तिथं उतार आहे, नव्या गाडीच्या पिकअपच्या नादात लई जण फसलेत. बोगद्यातच वेग कमी करा.

घाटवळण, सातारा
सगळ्यांचे आभार. आज भाच्याला माझ्या बुलेटपाशी नेलं (तीच, अजून आहे). घराजवळच्या मैदानात गवतावर आडवी केली आणि म्हटलं, उचल. हँडल धरून दोनदा ओढली, मीही तसंच केलं होतं. मग पाठ लावायला सांगितली, पहिला गिअर, बूड सीटला, पायांनी रेट. तिसऱ्या खेपेला उभी केली. घामाघूम झाला, हसत होता. मग रातराणींचं वाचायला दिलं. बराच वेळ काही बोलला नाही.

ठरलं असं : हा पावसाळा स्प्लेंडरवरच काढायचा, माझ्या मागे मागे केळघर, पसरणी, ठोसेघर सगळं करायचं. दिवाळीला शोरूममध्ये जाऊन ३५० वर आणि हिमालयनवर दोन्हीवर बसून बघायचं, मग ताईशी मी बोलणार. हेल्मेट मात्र उद्याच घेतोय, त्याच्या मापाचं.

पाना नं १२, रविवारी गॅरेज उघडं असतं का?

पाना नं १२
दुपारी एकपर्यंत. या. चहा माझ्याकडे.