लॉ सीईटी (३ वर्षे): लीगल रीझनिंगचं काय करू? बजेट १५०० रुपये

टंकमजूर
नमस्कार मंडळी. वय ३८. तालुक्याच्या कोर्टाबाहेर टायपिंग करतो, सोळा वर्षं झाली. बी.ए. आहे, ५२ टक्के. यंदा तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी द्यायची ठरवली आहे. क्लास परवडणार नाही आणि वेळही नाही, सकाळी दहा ते सहा टेबल सोडता येत नाही. पुस्तकं-सराव सगळं मिळून १५०० च्या वर जायचं नाही.

अडचण लीगल रीझनिंगची. वाटलं होतं हा तर घरचा विषय. सराव केला तर २४ पैकी ११. नमुना बघा:

तत्त्व: अज्ञान (म्हणजे १८ वर्षांखालील) व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो.
घटना: १७ वर्षांच्या मुलाने वय १९ सांगून घर गहाण टाकलं आणि सावकाराकडून कर्ज घेतलं. आता सावकार गहाणखतावर पैसे मागतो.
(अ) मिळतील, कारण मुलगा खोटं बोलला (ब) मिळणार नाहीत (क) वडिलांनी द्यावेत (ड) यापैकी नाही

मी (ड) टिकलं. कारण असं गहाणखत होणारच नाही! दुय्यम निबंधकाकडे ओळखपत्र बघतात, जन्मतारीख दिसते. उत्तर (ब) निघालं. असं दर दोन प्रश्नांमागे होतंय. काय वाचू?

पावसाळी_बेडूक
क्लास लावा हो. माझ्या भाचीने लावला होता, फी लाखाच्या घरात गेली पण मुलगी कुठल्या कुठे पोचली. तुम्ही क्लॅटच द्या सरळ, राष्ट्रीय विधी विद्यापीठ म्हणजे शिक्का बसतो.

काळाकोट
बेडूकराव, क्लॅटमधून पदवीला जो प्रवेश मिळतो तो बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सला. हे पदवीधर आहेत, नोकरी सांभाळून तीन वर्षांचं एलएलबी करायचंय. त्यांना राज्याची सीईटीच. वर क्लॅटचा फॉर्मच ४००० रुपयांचा, त्यांचं बजेट वाचलंत का?

टंकमजूर, तुमच्या प्रश्नाबद्दल. (ब) हे उत्तर पुस्तकी आहे. प्रत्यक्षात विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३, कलम ३३ बघा. अज्ञान असल्याच्या सबबीवर प्रतिवादी सुटू पाहत असेल, तर त्याला जेवढा लाभ झाला तेवढा परत करायला न्यायालय सांगू शकतं. त्यामुळे सावकाराच्या हातात अगदीच धुपाटणं राहील असं नाही.

निवृत्त_नाझर
वकीलसाहेब, हा प्रश्न मोहोरीबिबी विरुद्ध धर्मोदास घोष यावरून उचलला आहे. प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं लंडनचं शेवटचं अपील न्यायालय, १९०३. ब्रह्मो दत्त नावाचा कलकत्त्याचा सावकार, २०,००० रुपयांचं गहाण. आणि मजा अशी की मुलगा अज्ञान आहे हे सावकाराच्या माणसाला ठाऊक होतं. त्यामुळे ‘फसवलं हो’ म्हणायला त्याला तोंड नव्हतं. आमच्या वेळी हे निकाल तोंडपाठ असायचे. आता मुलं मोबाईलवर शोधतात.

काळाकोट
नाझरसाहेब, निकाल मलाही माहीत आहे. मी कलम ३३ बद्दल बोलतोय.

निवृत्त_नाझर
आणि मी १९०३ बद्दल. तेव्हा तुमचं १९६३ चं कलम ३३ कुठे होतं?

झेंडूची_फुलं
दोघांनी वेगळा धागा काढा की 😀
दादा, माझा अनुभव: शंका असेल तो प्रश्न सरळ सोडून द्यायचा. माझे चुकीच्या उत्तरांपायी इतके मार्क गेले की रडू आलं होतं.

चाळिशीतली_वकीलबाई
झेंडू, तू क्लॅट दिली असशील, तिथे चुकीला पाव मार्क कापतात. राज्याच्या लॉ सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही. भाऊ, एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही, शेवटची पाच मिनिटं डोळे मिटून टिका करायला ठेवायची. मी ४३ व्या वर्षी ही परीक्षा दिली, तेव्हा सात प्रश्न तसेच उडवले होते, त्यातले किती बरोबर आले देवाला ठाऊक.

आता मुद्द्याचं. तुमची अडचण कायद्याची नाहीच. तुम्हाला कोर्ट जास्त माहीत आहे. वरचे दोघे तेच करतायत बघा, एक १९६३ मध्ये, दुसरा १९०३ मध्ये. परीक्षेत वर दिलेली एक ओळ हाच सगळा कायदा. ती खरी आहे का, न्याय्य आहे का, दुय्यम निबंधक काय म्हणेल, हे काही विचारलेलंच नसतं.

मी काय करायचे सांगते. आधी तत्त्व वाचायचं आणि त्यातला ‘च’ शोधायचा. तुमच्याच प्रश्नात ‘मुळातच’ आहे. मुळातच रद्दबातल म्हणजे कुणी खोटं बोललं, कुणी फसलं, याने काही फरक पडत नाही, (अ) तिथेच गेला. वडिलांचं नाव तत्त्वात नाही, (क) गेला. (ब) तत्त्वातून सरळ निघतं, म्हणून (ड) ला जागाच उरत नाही. दुसरा नमुना:

तत्त्व: प्रस्तावाची माहिती असताना केलेली कृतीच स्वीकृती ठरते.
घटना: हरवलेला मुलगा शोधून देणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं. नोकराने मुलगा शोधून आणला, बक्षिसाचं त्याला नंतर कळलं.

माझा जीव नोकरासाठी तुटला होता, मी बक्षीस देऊन टाकलं. चूक! तो ‘कृतीच’ मधला च त्याला आडवा आला. प्रश्नातून ‘च’ काढून टाका आणि पुन्हा वाचा, म्हणजे कळेल तो किती वजन पेलतोय. ‘किंवा’, ‘आणि’, ‘परंतु’ हेही तसेच. ‘परंतु’ दिसला की पेन्सिलीने गोल करायचा, बहुतेक वेळा उत्तर त्याच्या मागे लपलेलं असतं.

निवृत्त_नाझर
लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त. अलाहाबाद, १९१३. नोकर हरिद्वारपर्यंत शोधायला गेला होता.

चाळिशीतली_वकीलबाई
हो काका, तोच.

सेट_विकणे_आहे
माझ्याकडे २०१९ चा संपूर्ण सेट आहे, चार पुस्तकं, ८०० ला देतो. एका पुस्तकावर चहाचा डाग आहे, बाकी कोरी करकरीत. जुनं ते सोनं.

काळाकोट
२०१९ च्या सेटमध्ये भारतीय दंड संहिता असणार. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. ४२० म्हणजे फसवणूक असं लिहून आला तर हसं होईल. आणि तेव्हाचा पेपर १५० प्रश्नांचा होता, आता १२० आहेत.

टंकमजूर
ते मला पाठ आहे साहेब. ३०२ चा १०३ झाला, ३७९ चा ३०३ आणि ४२० चा ३१८(४). पहिले दोन महिने बोटं जुन्याच आकड्यांवर जायची, एक अख्खा जामीन अर्ज परत काढावा लागला होता, कागद माझ्या पदरचा.

वकीलबाई, ‘च’ चं पटलं. पण लॉजिकलमध्येही घोळ आहे. काल हे आलं: काही वकील श्रीमंत आहेत. काही श्रीमंत लोक लबाड आहेत. निष्कर्ष: काही वकील लबाड आहेत. मी डोळे झाकून ‘बरोबर’ टिकलं.

काळाकोट
🙏

गुणाकार_भागाकार
😂😂 निष्कर्ष निघत नाही भाऊ. लबाड असलेले श्रीमंत वेगळे आणि वकील असलेले श्रीमंत वेगळे असू शकतात. दोन ‘काही’ एकत्र आले की त्यातून काहीच निघत नाही हे ध्यानात ठेवा. वर्तुळं काढा. वकिलांच्या जागी आंबे घाला, श्रीमंतांच्या जागी पिवळ्या वस्तू, लबाडांच्या जागी पिवळ्या टॅक्सी. काही आंबे पिवळे, काही पिवळ्या वस्तू टॅक्सी. आता कुठला आंबा टॅक्सी आहे सांगा? राग-लोभ आहे अशा शब्दांची नावं बदलली की डोकं ताळ्यावर येतं.

पावसाळी_बेडूक
म्हणून म्हणतो क्लास लावा. हे सगळं तिथे करून घेतात. आता ऑनलाइन बॅच ३०-३५ हजारातसुद्धा मिळते.

झेंडूची_फुलं
१५०० म्हणालेत ते.

चाळिशीतली_वकीलबाई
एक राहिलं, आणि खरं तर हेच आधी सांगायला हवं होतं. भाऊ, तुम्ही माहितीपत्रकातली मार्कांची विभागणी बघितलीत का? तीन वर्षांच्या कोर्सला लीगल २४, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी ३२, लॉजिकल २४ आणि इंग्रजी ४०. बाकी पेपर मराठीतही दिसतो, इंग्रजीचे ४० इंग्रजीतच. तुम्ही २४ मार्कांवर रात्री जागवताय, त्यातले ११ मिळतातच. इंग्रजीत किती पडतात?

टंकमजूर
१४.

चाळिशीतली_वकीलबाई
मग धाग्याचं नाव बदला.

काळाकोट
बाईंशी सहमत. रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचा. वाचनालयात फुकट.

गुणाकार_भागाकार
+१. इंग्रजी व्याकरणाचं एकच पुस्तक घ्या, शाळकरी असलं तरी चालेल, आणि सामान्य ज्ञानाला सहा महिन्यांची मासिकं. १५०० मध्ये बसतं, उरतात सुद्धा. घड्याळ लावून १२० मिनिटांचा पूर्ण पेपर आठवड्याला एक तरी.

निवृत्त_नाझर
आमच्या वेळी प्रवेशपरीक्षाच नव्हती. गेलो, फी भरली, झालं.

सेट_विकणे_आहे
६०० फायनल. चहाचा डाग इंग्रजीच्या पुस्तकावर आहे, पण शब्द दिसतात.

टंकमजूर
सगळ्यांचे आभार. विचार करून ठरवलंय. क्लास नाही, अग्रलेख नाही, सेटही नाही. जुने पेपर इंग्रजीतून मिळवतो आणि प्रश्न, पर्याय, उत्तराचं कारण सगळं स्वतः टाइप करतो, रोज दोन पानं. तुम्ही म्हणाल वेळ वाया जाईल. पण माझं असं आहे की डोळ्याने वाचलेलं राहत नाही, बोटातून गेलेलं राहतं. कलमांचे नवे आकडे असेच बसले. ‘च’ जाड ठशात करीन.

काळाकोट
टाइप करण्यात जाणारा वेळ सोडवण्यात घालवा. परीक्षेत टायपिंग नाही, माऊसने क्लिक करायचंय.

गुणाकार_भागाकार
+१, फार वेळखाऊ प्रकार आहे.

चाळिशीतली_वकीलबाई
मीसुद्धा नको म्हणेन. पण निदान इंग्रजीचे उतारे तरी आधी टाइप करा, लीगल मागून.

टंकमजूर
बघतो. आज पहिला उतारा झाला. एका शब्दावर चारदा अडलो, चारही वेळा वेगळा अर्थ लावला.

पावसाळी_बेडूक
दादा, तुम्ही कोर्टाबाहेरच असता तर एक विचारतो. पुतणीला नॉन क्रीमी लेयरसाठी प्रतिज्ञापत्र करायचंय. शंभराचा स्टॅम्प बंद झाला म्हणतात, मग आता ५०० चा लागेल का?

टंकमजूर
नाही. सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावरच करायचं. कुणी ५०० चा गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. आणि पुतणीला सांगा, नाव दाखल्यावर जसं आहे तसंच लिहायचं, वेलांटीसकट.